मदत हवी आहे: मेम्ब्रेन मीठ आत सोडत नाही, मग चेपणीची तोरं खारट कशी होतात?

नमस्कार मंडळी. लेक फोंड्याला अकरावी सायन्सला आहे, परीक्षा तोंडावर आलीय आणि आमच्या घरात सेल मेम्ब्रेनवरून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावरून, वाद पेटलाय. मी मराठी मीडियमची, 'निवडक्षम पारपटल' हा शब्द अजून पाठ आहे पण अर्थ तेव्हाही कळला नव्हता.

झालं असं की रविवारी सासूबाई आणि मी चेपणीची तोरं घातली, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, एक थर तोरांचा एक थर जाड्या मिठाचा, वर दगड. पाण्याचा थेंब घातला नाही तरी दोन दिवसांत तळाला हे एवढं पाणी. लेक म्हणाली हे ओस्मॉसिस, मेम्ब्रेनमधून पाणी बाहेर येतं, मीठ आत जात नाही. सासूबाई लगेच, "मग पावसात खाताना बाठ्यापर्यंत खारट लागतं ते काय गे?" लेक गप्प, मीही गप्प.

आणि दुसरं, मेम्ब्रेन जर फॅटचं आहे तर त्यातून पाणी तरी कसं जातं, तेल आणि पाणी कधी मिसळतं का?

प्रतिसाद १
हळूहळू मुरतं हो ताई. लोणचं कसं मुरतं तसंच.

धागाकर्ती
ते सासूबाईंनाही माहितीय 😀 पण परीक्षेत 'मुरतं' लिहून मार्क मिळतील का?

प्रतिसाद २
ताई, मी म्हापशाला ट्यूशन घेतो, मुलं दरवर्षी इथेच अडकतात. तुमची लेक पण बरोबर आणि सासूबाई पण, फरक फक्त दिवसांचा आहे.

आधी तेलापाण्याचं. मेम्ब्रेनमध्ये फॉस्फोलिपिडचे, म्हणजे एका प्रकारच्या फॅटचे, दोन थर असतात, पाणी आवडणारी डोकी दोन्ही बाहेरच्या बाजूंना आणि तेलकट शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून. पाण्याचा रेणू इतका बारका की त्या तेलातूनही थोडा सटकतो, पण जास्त पाणी जातं ते ॲक्वापोरिन नावाच्या प्रोटीनच्या नळ्यांतून, त्या शोधल्याबद्दल पीटर आग्री यांना 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मिठाचं तसं नाही. विरघळलं की सोडियम आणि क्लोराईड वेगळे होतात, दोघांवर चार्ज, भोवती पाण्याचे रेणू चिकटलेले, असलं लटांबर तेलातून जवळपास जातच नाही. त्यातून थोडं सोडियम शिरलंच तर पेशी ऊर्जा खर्च करून ते बाहेर ढकलते.

आता इथे 'पेशी' म्हणजे जिवंत पेशी, हे पुस्तकात असतं पण कोणी वाचत नाही. भरणीतलं तोर पहिल्यांदा पाणी सोडतं, आतलं मेम्ब्रेन पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसतं. भित्तिकेतून मीठ आरामात जातं, ती गाळणीसारखी आहे, अडवणारं ते मेम्ब्रेनच. काही दिवसांनी पेशी मरतात, मेम्ब्रेन फाटतं, मग कोण अडवणार? मीठ सरळ आत. तुमच्या सासूबाई जे खातात ते मेलेल्या पेशींचं तोर 😀

पटत नसेल तर बीट आणा. फोडी करून आधी नळाखाली चांगल्या धुवा, नाहीतर कापलेल्या पेशींचा रंग तुम्हाला फसवेल. मग एक फोड थंड पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात, एक कडक गरम पाण्यात, आणि घरात असेल तर एक फेणीत.

धागाकर्ती
केलं सर!! अर्धा तास ठेवलं. थंड पाणी जवळजवळ तसंच राहिलं. मिठाच्या पाण्यातली फोड लुळी पडली, बोटाने वाकवली तर वाकली, पण पाणी नुसतं फिकट गुलाबी. गरम पाणी मात्र लालभडक, भिंडांच्या म्हणजे कोकमाच्या सरबतासारखं. फेणीही लाल झाली, ती सासऱ्यांच्या बाटलीतली होती, त्यांना अजून सांगितलेलं नाही. पण फेणीत का झाली? ती तर गरम नव्हती.

प्रतिसाद २
अल्कोहोल पाण्यातही मिसळतं आणि तेलातही शिरतं, त्यामुळे लिपिडचे थर विस्कटतात. गरम पाण्यात लिपिड सैल होतात आणि प्रोटीनचा आकार बिघडतो. बीटचा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीत असतो, तेव्हा तो बाहेर आला तर रिक्तिकेचं आणि पेशीचं अशी दोन्ही मेम्ब्रेन गेली. हे लेकीला नक्की लिहायला सांगा, बरीच मुलं एकच लिहितात.

धागाकर्ती
लिहून घेतलं तिने. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मेलेलं असू दे, पेजेबरोबर बरं लागतं.