मृत्युपत्रातील निवडीचा अधिकार आणि धनकोची जप्ती

प्रश्न (औसा, जि. लातूर):
आजोबांनी स्वकष्टार्जित सात एकर जमिनीच्या मृत्युपत्रात लिहिले आहे की, माझ्या चुलत्यांनी हयातभर उत्पन्न घ्यावे आणि आपल्या पश्चात ती स्वतःच्या मुलांपैकी कोणाला द्यायची हे लेखी ठरवावे. चुलत्यांनी आडत्याकडून घेतलेली उचल फिटली नाही. आडत्याने दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा मिळवला असून आता दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जात) संपूर्ण जमिनीची जप्ती मागितली आहे. सातबाऱ्यावर नाव चुलत्यांचेच आहे. वारस निवडणे त्यांच्या हाती आहे, म्हणून जमीनही त्यांचीच धरली जाईल का? दोघे चुलतभाऊ फार काळजीत आहेत.

उत्तर (वकील, लातूर):
दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार ऋणकोच्या (कर्जदाराच्या) मालकीची मालमत्ता तर जप्त होतेच, पण जिची विल्हेवाट तो स्वतःच्या फायद्यासाठी लावू शकतो अशी मालमत्ताही, ती दुसऱ्याच्या नावावर असली तरी, जप्त होऊ शकते. आपल्या चुलत्यांना जमीन विकून पैसा स्वतःकडे ठेवता येत नाही. त्यांना निवड करायची आहे ती केवळ मुलांमधून. त्यामुळे माझ्या मते मूळ जमीन आडत्याला मिळू नये. हयातीपुरता हक्क मात्र त्यांचा स्वतःचा आहे. तो आणि उभे पीक जप्त होऊ शकते, परंतु लिलावात तो हक्क घेणाऱ्याचाही अधिकार चुलत्यांच्या मृत्यूबरोबर संपेल. सातबारा ही महसुली नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. चुलतभावांनी त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली मृत्युपत्र जोडून लगेच हरकत घ्यावी, कारण विक्री होऊन गेल्यावर ती विचारात घेतली जात नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ‘वाटेल त्याला द्यावी’ असे लिहिले असते तर? आणि चुलत्यांनी आपला हक्क आजच मुलांच्या नावे सोडून दिला तर?

उत्तर (वकील, लातूर):
वाटेल त्याला, म्हणजे स्वतःलाही, हयातीतच देता आली असती, तर आडत्याची बाजू भक्कम झाली असती. हक्क सोडण्याचा सल्ला मी मुळीच देणार नाही. धनकोला चुकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली धनकोच्या मागणीवरून रद्द होऊ शकते.

उत्तर (परभणी):
चुलत्यांच्या जागी विधवा काकू असत्या तर उत्तर बदलू शकले असते. पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली मालमत्ता, दस्तात मर्यादा घातलेली असली तरी, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४(१) प्रमाणे स्त्रीच्या पूर्ण मालकीची होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुलसम्मा प्रकरणात ठरवले. पूर्ण मालकी आली की तिचे धनको संपूर्ण जमिनीपर्यंत पोहोचू शकतात.