विज्ञान शिळं झालं तरी जुन्या विज्ञानकथा शिळ्या का होत नाहीत?

पागोळी:
आमच्याकडे राजापूरला गेले नऊ दिवस ऊन नाही. कपडे माजघरात दोरीवर, खाली शेगडी, तरी कुबट वास जात नाही, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात सातवीचा एक ऑफ तास माझ्याकडे आला म्हणून मुलांना रे ब्रॅडबरीची 'ऑल समर इन अ डे' ही १९५४ सालची गोष्ट मराठीतून तोंडीच सांगितली. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, शुक्रावर माणसांची वस्ती आहे, तिथे कायम पाऊस, सात वर्षांतून एकदा दोन तास सूर्य दिसतो. वर्गातली पोरं नऊ वर्षांची, मागच्या खेपेला दोन वर्षांची होती त्यामुळे ऊन कोणालाच आठवत नाही. फक्त मार्गो पृथ्वीवरून मागाहून आलेली, तिला आठवतं. त्याचाच राग धरून पोरं तिला कपाटात कोंडतात, आणि मग नेमकं ऊन पडतं आणि खेळण्याच्या नादात सगळी तिला विसरतात.

वर्ग इतका गप्प झालेला मी क्वचितच पाहिलाय, पत्र्यावरच्या पावसाचा तेवढा आवाज. एका मुलीने शेवटी विचारलं, "बाई, तिला बाहेर काढल्यावर ती काय बोलली?" आता गोष्टीत ते लिहिलेलंच नाही, दार उघडतात आणि गोष्ट संपते. दुसऱ्या दिवशी दुपारी वीसेक मिनिटं उघडीप पडली तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "आधी कपाटात कोण नाय ना बघा रे!"

शुक्रावर असा पाऊस नाही हे मलाही ठाऊक आहे. तरी सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट राजापूरच्या पोरांना अशी धरते म्हणजे तिचा जीव विज्ञानाच्या अचूकपणात नाहीच, असं माझं ठाम मत झालंय. तुमचं काय?

कातळ:
बाई, मुलांना आवडली याचा आनंदच आहे पण मत पटलं नाही. १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राजवळून गेलं तेव्हाच कळलं की ती भट्टी आहे. तापमान ४६० अंशांच्या आसपास, हवेचा दाब आपल्या नव्वद पट, ढग गंधकाम्लाचे आणि त्यातून सुटलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच वाफ होते. मग ही विज्ञानकथा राहिली कुठे? शुक्राच्या जागी चेरापुंजी घाला, काय फरक पडतो? गोष्ट चांगली असेल, नक्कीच असेल, पण मग तिला चांगली गोष्ट म्हणा. विज्ञानकथा म्हणून तिचं कौतुक करायचं आणि विज्ञान तपासायचं नाही हे मला अप्रामाणिक वाटतं.

पागोळी:
चेरापुंजी घालूनच बघा. तिथून एसटी पकडून उन्हात जाता येतं. ऊन म्हणजे काय हेच माहीत नसलेला अख्खा वर्ग पृथ्वीवर कुठेच मिळणार नाही, तो मिळावा म्हणून ग्रह लागतो. "असं असतं तर" हे एकदा ठरवलं की पुढे माणसं त्यात कशी वागतील हे नेमकं आणि निर्दयपणे बघत जायचं, माझ्या मते विज्ञानकथेतलं विज्ञान ते आहे. शुक्राचं तापमान चुकलं पण पोरांचं वागणं चुकलं का?

हर्णैवाला:
माणसांचं वागणं चुकतं हीच माझी तक्रार आहे. असिमॉव्हची 'नाइटफॉल' घ्या, १९४१ ची, लेखक तेव्हा एकवीस वर्षांचा. सहा सूर्यांचा ग्रह, रात्र २०४९ वर्षांतून एकदाच, अंधार होऊन तारे दिसले की लोक वेडे होतात आणि उजेडासाठी शहरं पेटवतात. कल्पना जबरदस्त, वाद नाही. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, मोबाइल बंद, माड आडवे, घरांवरची कौलं उडालेली. एका रात्री ढग फाटले आणि गावात एक दिवा नसताना जे आभाळ दिसलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. वेडं कोणी झालं नाही. शेजारच्या काकूंनी माळ्यावरचा कंदील काढला, काच राखेने पुसली, चार घरांचा भात एका टोपात शिजला. त्या काळच्या लेखकांनी कल्पनेवर जीव ओतला आणि माणसं पुठ्ठ्याची केली. आता ती वाचताना मला पुठ्ठाच दिसतो.

विजयदुर्गकर:
बरा लिवलास, पण माका पटूक नाय. तुझ्या काकूंकडे कंदील होता, का? कारण त्यांना अंधार माहीत होता, रोजचा होता. कथेतल्या लोकांकडे रात्र हा शब्दच नाही म्हण ना. आमच्या किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत, १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण बघायला बांधलेले म्हणून गावात दाखवतात. त्याच ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली आणि पुढे त्यावरून हेलियम ओळखला गेला. ती काही मिनिटं कोणी दुर्बीण लावून बसला असेल आणि कोणी देव पाण्यात ठेवले असतील. 'नाइटफॉल'मध्ये अगदी हेच आहे रे, वेधशाळेतले लोक जीव मुठीत धरून कॅमेरे लावतात, बाहेर धर्मवेडे चाल करून येतात. माझ्या मते ती माणसं पुठ्ठ्याची नाहीत, तू शेवट लक्षात ठेवलास आणि वेधशाळा विसरलास.

वाडीतली:
मी फार वाचलेली नाही, पण ब्रॅडबरीचीच 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' माझ्या डोक्यातून जात नाही. अणुयुद्धात शहर संपलंय, एकच घर उभं, आपोआप चालणारं. सकाळी नाश्ता तयार होतो, घर तारीख सांगतं, यंत्राचे उंदीर केर काढतात, आणि माणसं म्हणजे जळलेल्या भिंतीवर उरलेल्या चार आकृती. १९५० ची गोष्ट, पुस्तकात तिच्यावर तारीख ऑगस्ट २०२६ ची आहे.

आमच्या समोरचं घर बंद आहे. काका वर्षापूर्वी वारले, मुलगे ठाण्याला. अंगणातला दिवा टायमरवर, बरोबर सातला लागतो, पहाटे सहाला विझतो. पडवीत कॅमेरा, मांजर फिरली तरी मुलाच्या मोबाइलवर मेसेज जातो. वृंदावनाला ठिबकची नळी लावलीय, तुळस अशी हिरवीगार की माझ्यापेक्षा बरी. बॉम्ब पडला नाही, कोणी कोणाला मारलं नाही, मुलगे चांगले आहेत, गणपतीला येतात. तरी सातला दिवा लागला की मी आत जाते, बघवत नाही.

हर्णैवाला:
ताई, हे वाचून गप्प बसलोय.

कातळ:
मीही. पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो. हे सांगायला १९५० चा अमेरिकन का लागतो? नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे नाव बघून नाही तर कथा बघून बक्षीस मिळालं. 'उजव्या सोंडेचा गणपती'त तर डाव्याचं उजवं होण्याचं गणित आपल्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर मांडलंय, त्याला परका ग्रह लागला नाही. आपण तिकडच्या जुन्या गोष्टी क्लासिक क्लासिक म्हणत जपतो आणि समोरचा टायमरवरचा दिवा कोणी लिहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पागोळी:
याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या ऑफ तासाला गणपतीची सांगते. वाडीतली ताई, तुम्ही लिहा ना तो दिवा.

वाडीतली:
काल रात्री अर्धं पान लिहिलं. पण कातळदादा, एक सांगते, तो दिवा मी वर्षभर रोज बघत होते आणि मला तो फक्त दिवाच दिसत होता, ती गोष्ट वाचली त्या संध्याकाळपर्यंत.