सदनिकेतील खरखर टाळून लघुलहरी (शॉर्टवेव्ह) ऐकण्यासाठी कोणता लूप अँटेना घ्यावा?

ठाणेकर श्रोता
नमस्कार. मी ठाण्यात सहाव्या मजल्यावरून टेकसन पीएल-330 वर लघुलहरी केंद्रे ऐकतो. दिवेलागणीनंतर एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर इतकी वाढते की 49 मीटर पट्ट्यावरील बहुतेक केंद्रे तिच्याखाली दबून जातात. गॅलरीबाहेर लांब तार सोडून पाहिली, पण केंद्रांबरोबर खरखरही वाढली. गच्चीवर काही बसवण्यास सोसायटीची परवानगी नाही. गॅलरीत मीटरभर व्यासाचा लूप, म्हणजे तारेच्या कड्याचा अँटेना, मात्र मावेल. एमएलए-30 घ्यावा की यूलूप?

31 मीटर
आपल्या रेडिओसाठी मी अ‍ॅम्प्लिफायर असलेला, म्हणजे एमएलए-30 सारखा लूप सुचवेन. सुमारे 49 मीटर लांबीच्या लहरीपुढे मीटरभराचा लूप फारच लहान असल्यामुळे त्यातून मिळणारा संकेत क्षीण असतो. यूलूपमध्ये अ‍ॅम्प्लिफायर नाही. एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरीसारख्या अतिसंवेदनशील रिसीव्हरला तो उत्तम साथ देतो, पण पोर्टेबल रेडिओवर अपुरा पडण्याची शक्यता अधिक. मात्र ठाण्यात मध्यम लहरींवरील मुंबईची 558 आणि 1044 किलोहर्ट्झची केंद्रे जोरदार येतात. अ‍ॅम्प्लिफायर लावल्यावर ती लघुलहरींवर भलत्याच ठिकाणी ऐकू येऊ लागली, तर मध्यम लहरी अडवणारा फिल्टर लागेल.

फेराइट
लूप कोणता, यापेक्षा केबल आणि वीजपुरवठा याला मी जास्त महत्त्व देतो. घरातील वायरिंगमधली खरखर को-अ‍ॅक्सियल केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वाहत अँटेनापर्यंत पोहोचते आणि तिथून संकेतात मिसळते. असे झाले, तर कितीही महागडा लूप घेतला तरी त्याचा उपयोग होत नाही. जाळीवरून वाहणारी ही खरखर अडवण्यासाठी 31 क्रमांकाच्या मिश्रणाची, साधारण अडीच इंची फेराइट रिंग (चुंबकीय पदार्थाचे कडे) घेऊन तिच्यातून आरजी-174 सारख्या बारीक केबलचे दहा-बारा वेढे काढावेत. अशी एक रिंग लूपच्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ आणि दुसरी रेडिओजवळ ठेवावी. एमएलए-30 ला यूएसबीतून वीज लागते, परंतु मोबाइलचा चार्जर हाच खरखरीचा मोठा उगम असतो आणि पॉवर बँकेतही स्विचिंग सर्किट, म्हणजे वेगाने चालू-बंद होऊन खरखर करणारे सर्किट, असते. म्हणून साधा ट्रान्सफॉर्मर असलेला, नियंत्रित 5 व्होल्टचा पुरवठा वापरावा.

ठाणेकर श्रोता
मनःपूर्वक आभार. खरखर केबलमधून येते की हवेतून, हे कसे ओळखावे?

फेराइट
रेडिओ बॅटरीवर चालवा. केबल रेडिओला जोडलेली ठेवून तिचे दुसरे टोक अँटेनापासून सोडवा. मग केबल रेडिओपासून काढताच खरखर कमी होत असेल, तर ती केबलच आणत आहे.

31 मीटर
एक जोड देतो. लूप उभा बसवा आणि हाताने फिरवता येईल असा ठेवा. त्याची सपाट बाजू ज्या दिशेला असते, तिकडून येणारा संकेत सर्वांत कमी पकडला जातो. दूरची केंद्रे आयनावरणातून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) परावर्तित होऊन वेगवेगळ्या कोनांतून येत असल्याने लूप फिरवल्यावर त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. जवळच्या एकाच ठिकाणाहून येणारी खरखर मात्र बरीच खाली जाते. त्यामुळे केंद्र मोठे करण्यासाठी नव्हे, तर पट्ट्यावरील मोकळी जागा लावून खरखर कमीत कमी होईपर्यंत लूप फिरवावा आणि मगच केंद्र शोधावे.