एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात गव्हाचं काय करायचं? मुलाला सिलिअॅक आहे

खानापूरची आई
नमस्कार. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हा-सातूतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं त्याच्या आतड्याला इजा होते. रक्ततपासणी, बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणी) दोन्ही झालं. डॉक्टरांनी गहू, रवा, मैदा, सातू (जव) कायमचं बंद सांगितलंय. घरात सासूबाई, दीर, जाऊबाई, त्यांची मुलं, सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र. सकाळी डब्याच्या चपात्या होतात, ओटाभर पीठ उडतं, मग त्याच परातीत भाकरी थापतात. मी ह्याच्यासाठी एक कोपरा केलाय, डबे, ताट सगळं वेगळं. तरी पोट फुगतंय, वजन वाढत नाही. सासूबाई म्हणतात, "चिमूटभरानं काय होतंय?" नातवावर त्यांचा जीव आहे, त्यांना दुखवायचं नाही मला. अजून काय करू?

निपाणीची मावशी
ताई, माझ्या मुलीलाही हेच आहे, ती आता कॉलेजला जाते. तुम्ही कोपरा मुलाला दिलाय, तो गव्हाला द्या. बाकी अख्खं स्वयंपाकघर मुलाचं. आपल्या भागात हे जमतंय, कारण शाळूची (ज्वारीची) भाकरी आणि भात हेच आपलं रोजचं जेवण. आमटी, भाजी, कोशिंबीर सगळ्यांना एकच करा, बिनगव्हाची. मग गव्हाची म्हणून फक्त चपाती उरते. ती ओट्याच्या एका टोकाला, आणि तीही भाकरी-भाजी होऊन झाकून ठेवल्यावर. कोरडं पीठ उडून उघड्या पातेल्यात पडतं, ते दिसत नाही. चपात्या झाल्या की ओटा कोरडा झटकायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा आणि ते फडकं दुसरीकडे वापरायचं नाही.

चार वस्तू मात्र मुलाच्या वेगळ्याच हव्यात: काठवट किंवा परात, पोळपाट-लाटणं, तवा आणि चाळण. लाकडाच्या भेगांत कणीक बसते. चाळण कितीही घासा, जाळीत पीठ राहतंच. तव्यावरचं जळकं पीठसुद्धा चालत नाही, भाजल्यानं ग्लूटेन जात नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळू नका. लोणच्याच्या बरणीत चपाती खाल्लेला हात जाता कामा नये, चमचा ठेवा.

आणि गिरणी! पोट फुगण्याचं कारण मला तिथंच दिसतंय. आधीच्या माणसाचे गहू दळले की जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या शाळूत येतं. आम्ही घरघंटी घेतली आणि त्यात गहू कधीच घालत नाही. शाळू सुटा आणला तर सुपात पाखडून निवडून घ्या, मधे गव्हाचे दाणे सापडतात.

सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जा. आमच्या डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून, आतली लव कशी झडते आणि अन्न अंगी का लागत नाही ते दाखवलं. त्या दिवसापासून आमच्या सासूबाईच कणकेच्या हातानं कुणाला भाकरीच्या डब्याला शिवू देत नाहीत.

चिकोडीचे काका
आमच्याकडे खपली गहू पिकतो. तो जुना, पचायला हलका. तो थोडा देऊन बघायला काय हरकत आहे?

निपाणीची मावशी
काका, नको. खपली हाही गहूच, त्यात ग्लूटेन आहे. साखरेच्या आजारासाठी लोक खातात ती गोष्ट वेगळी. ह्या मुलाला तो अजिबात देऊ नका.

शहापूर, बेळगाव
मसाल्याचा डबा तपासा. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, घटक वाचून घ्या. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बऱ्याच घरी घालतात. माल्टची पावडर दुधात घालत असाल तर बंद करा, माल्ट सातूचा असतो. बहुतेक सोया सॉसमध्येही गहू असतो. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, म्हणजे चिमूटभराचा हिशोब कायद्यानंच करून ठेवलाय. लग्नात गव्हाचे मांडे वाढले तर मुलाच्या पानात येऊ देऊ नका. कुंदा खव्याचा खरा, पण दुकानात इतर मिठायांना लागलेल्या चमच्यानं देतात, म्हणून घरीच केलेला बरा.

अजून एक. धाकटं भावंड असेल तर त्याचीही रक्ततपासणी करून घ्या. मात्र तपासणी होईपर्यंत त्याचा गहू बंद करू नका, नाहीतर निकाल चुकीचा येऊ शकतो.

खानापूरची आई
धाकटी मुलगी आहे, तिची तपासणी करून घेते. हिंगाची डबी आत्ताच बघितली, मैदा लिहिलाय! आणि तोच रोज आमटीत जातोय. घरघंटीचं ह्यांच्याशी बोलते. होळीला पुरणपोळीचं काय करता तुम्ही?

निपाणीची मावशी
पुरण सगळ्यांचं एकच शिजवायचं. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात पुरण भरायचं आणि मोदकासारखं वाफवायचं. मुलाचं आधी करून झाकून ठेवा, मग पोळ्यांची कणीक मळायला घ्या. पुरण वाटायचं यंत्र आणि गूळ ढवळायचा उलथना आधी धुऊन घ्या. कटाच्या आमटीत नवा हिंग घाला.