मदत हवी आहे: लाळग्रंथीच्या कर्करोगाच्या अहवालातील ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’

माझ्या सासूबाईंच्या (वय ५८) कानाखालच्या, म्हणजे पॅरोटिड, लाळग्रंथीतील गाठ नुकतीच शस्त्रक्रियेने काढली असून, अहवालात ‘ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (लाळग्रंथीच्या कर्करोगाचा एक प्रकार), क्रिब्रिफॉर्म (पेशींची चाळणीसारखी रचना) प्रकार, पेरिन्यूरल इन्व्हेजन आढळले’ असे लिहिले आहे. सॉलिड, म्हणजे पेशींच्या भरीव गठ्ठ्यांचा अधिक आक्रमक, भाग नाही, हे त्यातल्या त्यात बरे. या कर्करोगात पेशी नसांच्या (मज्जातंतूंच्या) कडेने सरकत जाणे, म्हणजेच पेरिन्यूरल इन्व्हेजन, इतके नेहमीचे आहे की केवळ त्या ओळीवरून घाबरून जाऊ नये, असे सर्जन म्हणाले; पण बाधा गाठीतल्या बारीक नसेला झाली आहे की चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मुख्य नसेला, यावर पुढचे बरेच अवलंबून असते आणि नेमके तेच अहवालात नाही. ती मुख्य नस वाचवली आहे, तरी डावा डोळा अजून पूर्ण मिटत नाही.

स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेताना नसेचे नाव व जाडी लेखी मागावी का, आणि रेडिओथेरपीच्या आखणीत त्या नसेचा मार्ग कवटीच्या तळापर्यंत धरतात का, हे जाणकार डॉक्टरांनी किंवा या उपचारांतून गेलेल्यांनी कृपया सांगावे. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही, बहुधा फुफ्फुसांत, डोके वर काढू शकतो. तेव्हा छातीचा सीटी स्कॅन किती अंतराने करत राहावा?