एक रेडिएटर गारच राहत असेल तर

बॉयलरच्या गरम पाण्याने घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढली की थंडीची तयारी झाली, असं बरेचदा सांगतात. हवा काढायलाच हवी, पण त्यासोबत पाण्याचं प्रेशर खाली येतं, त्यामुळे लगेच बॉयलरचा काटा बघा, सिस्टीम गार असताना साधारण 1 ते 1.5 बार लागतं, कमी असेल तर पाणी भरून घ्या. आणि हवा आहे की गाळ हे आधी हाताने कळतं, वरून गार आणि खालून गरम म्हणजे हवा, खाली मधोमध गार म्हणजे गाळ, तो हवा काढून जाणार नाही.

पण एकच रेडिएटर पूर्ण गार असेल तर मी आधी थर्मोस्टॅटिक व्हॉल्व बघते, म्हणजे रेडिएटरला लावलेला, खोलीच्या तापमानानुसार पाणी कमीजास्त करणारा नॉबवाला व्हॉल्व. उन्हाळाभर बंद राहिला की आतली पिन दाबलेल्या अवस्थेत अडकून बसते, वरचा नॉब कितीही फिरवा, पाणी आत जातच नाही. नॉब पूर्ण उघडा करून काढायचा, खाली बारीक धातूची पिन दिसते, ती एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबायची, दोनतीन मिलिमीटर आत जाऊन स्वतःहून वर आली पाहिजे. येत नसेल तर बाजूने हळूच टकटक करा. पकडीने ओढू मात्र नका, प्लीज, काही व्हॉल्वमधली पिन उपसून बाहेर येते आणि मग पाणी आवरत नाही. आमच्या मागच्या खोलीतला रेडिएटर एवढ्यानेच सुरू झाला, प्लंबर बोलवावा लागला नाही. पुढच्या उन्हाळ्यात हे व्हॉल्व पूर्ण उघडे ठेवा.

बॉयलर गॅसचा असेल तर कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं टेस्ट बटण आजच दाबून बघा.