ओरिएंटेशनला पाच दिवस उरलेत, नवीन वस्तू एकच घेता येईल. काय घेऊ?

पहिलंपान (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. पदवीला प्रवेश मिळालाय आणि सोमवारपासून तीन दिवस विद्यापीठात ओरिएंटेशन, म्हणजे नव्या मुलांना विद्यापीठाची ओळख करून देणारा कार्यक्रम आहे. आमच्या घरातून विद्यापीठात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही. म्हणून हा धागा.

बजेट आधीच सांगते: नवीन अशी एकच वस्तू घेता येईल, आणि तीही साधीच. लॅपटॉप नको आहे, भावाचा जुना मिळालाय आणि तो चालतो. सॅक शाळेतलीच नेणार आहे.

१) पॉवर बँक घेऊ की चांगले बूट? पहिल्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कार्यक्रम आहे, मध्ये सगळा परिसर पायी दाखवणार आहेत.
२) तिन्ही दिवस सगळ्या सत्रांना बसायलाच हवं का?
३) आई येते म्हणतेय. पहिल्या सकाळी पालकांसाठी वेगळं सत्र आहे. पण बाकी सगळे एकटे आले आणि मी एकटीच आईबरोबर, असं झालं तर?

मुख्य कार्यक्रम मोठ्या सभागृहात आहे. मला मागून पडद्यावरचं वाचता येत नाही, पण लवकर जाऊन पुढे बसेन, त्यामुळे तो प्रश्न नाही.

पूर्णचार्ज
पॉवर बँक. डोळे मिटून. आणि २०,००० एमएएचचीच (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) घे, त्याखाली बघूच नकोस. माझ्या वेळी प्रवेशाचा क्यूआर कोड फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, वेळापत्रकही फोनमध्ये, आणि नोंदणीच्या रांगेत माझा नंबर आला तेव्हा फोन बंद. परत रांगेच्या शेवटी जावं लागलं. दीड तास गेला. तेव्हापासून पॉवर बँकेशिवाय घराबाहेर पडलेलो नाही.

तळवे
क्यूआर कोड कागदावर छापून नेला असतास तर दीड तास वाचला असता. बूट घे. पण सोमवारी नवे बूट घालून जाऊ नकोस! मी तीच चूक केली. दुपारपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले, ग्रंथालय दाखवायला नेलं तेव्हा मी पायऱ्यांवर बसून होते. पुढे कितीतरी दिवस मला ग्रंथालयाचा दुसरा मजला आहे हेच माहीत नव्हतं. नवे घेतलेस तर आजपासून रोज तासभर घरात घालून फिर.

सोळाजीबी
भावाचा जुना लॅपटॉप चार वर्षं पुरणार नाही, आत्ताच विचार कर. मी पहिल्याच आठवड्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीवाला घेतला, आज तिसऱ्या वर्षातही नव्यासारखा पळतो. एकदाच खर्च कर आणि मोकळी हो.

पहिलंपान
@सोळाजीबी, लॅपटॉप बजेटमध्ये नाही, वर लिहिलंय.
@तळवे, माझे जुने बूट सवयीचे आहेत, फक्त दिसायला जुने आहेत.

तळवे
मग तेच घाल. पायाकडे कोणी बघत नाही.

जुनीवही
मी दोन वर्षं ओरिएंटेशनला स्वयंसेवक म्हणून मदत कक्षात बसले आहे. समोर येणारी मुलं बूट किंवा पॉवर बँक नाही म्हणून अडत नाहीत. अडतात ती लॉगिनपाशी. म्हणून ही कामं घरी, शांतपणे, आजच कर:

विद्यापीठाने दिलेल्या ईमेलवर एकदा लॉगिन करून बघ. तात्पुरता पासवर्ड ठरावीक दिवसांत बदलला नाही तर पुष्कळ ठिकाणी बंद होतो. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही विचारतात ती) असेल तर तीही आत्ताच सुरू कर. ॲपमधला सहा आकडी कोड साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. फोनमधलं घड्याळ हाताने पुढेमागे केलेलं असेल तर कोड चुकीचाच येत राहतो आणि मुलं रडकुंडीला येतात. वेळ ‘आपोआप’वर ठेव. शिवाय पडताळणी सुरू करताना राखीव कोड मिळतात, ते कागदावर लिहून वेगळे ठेव. फोन हरवला तर तेच कामाला येतात.

विद्यापीठात ‘एड्युरोम’ हे अनेक विद्यापीठांचं सामायिक वायफाय आहे का बघ. २००३ मध्ये युरोपातून सुरू झालेली ही सोय आता शंभराहून जास्त देशांत आहे. तिची जोडणी घरच्या इंटरनेटवर आधीच करून ठेवता येते, मग आवारात पाऊल टाकलं की फोन आपोआप जोडला जातो. मुलं नेमकं उलटं करतात, तिथे पोचून जोडणीची फाईल उतरवायला जातात आणि ती उतरवायला इंटरनेट नसतं. वापरनावात @ नंतरचा भागही पूर्ण टाकायचा. निम्म्या तक्रारी मी तेवढंच सांगून मिटवल्या आहेत.

आणि ओळखपत्रावर, गुणपत्रिकेवर, प्रवेशपत्रावर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का बघ. नसेल तर पहिल्याच दिवशी सांग, परीक्षेच्या तोंडावर नको.

पूर्णचार्ज
जुनीवहींशी सहमत. आणि हे सगळं फोनवरच आहे, म्हणजे पॉवर बँक हवीच.

हलकीसॅक
२०,००० एमएएच म्हणजे दिवसभर पाठीवर वीट वागवणं. १०,००० भरपूर झाली. फक्त हे लक्षात ठेवा की छापलेला आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर ५ व्होल्टवर येताना आणि उष्णतेत घट होते. १०,००० मधून हातात सहा-साडेसहा हजारच्या आसपास पडतात. साधा फोन एकदा पूर्ण भरून वर थोडी उरते.

पूर्णचार्ज
म्हणूनच २०,००० म्हणतोय.

खिडकीपाशी
विमानाने जाणाऱ्यांसाठी: पॉवर बँक सामानात द्यायची नाही, जवळच्या बॅगेत ठेवायची. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा चालते, २०,००० वाली ७४ भरते. मी सामानात टाकली होती, बॅग उघडून काढून घेतली. ओरिएंटेशनला दोन तास उशिरा पोचलो.

पहिलंपान
मी विमानाने जाणार नाही :) @जुनीवही, मनापासून आभार. लॉगिन झालं. पासवर्डची मुदत खरोखरच उद्या संपणार होती.

निळीशाई
एकच वस्तू घ्यायची असेल तर चांगली जाड वही आणि पेन. हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांचा अभ्यास आला होता, लॅपटॉपवर टिपणं काढणारी मुलं शब्दन् शब्द उतरवतात आणि समजुतीच्या प्रश्नांना मागे पडतात.

सोळाजीबी
तोच प्रयोग २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी करून पाहिला तेव्हा फरक तितका ठाम दिसला नाही. टॅबलेट आणि पेन्सिल घे, दोन्ही साधतं.

निळीशाई
फरक कमी दिसला म्हणून वही वाईट ठरत नाही. माझ्या सहा सत्रांच्या वह्या अजून कपाटात आहेत, कुठलंही पान काढून दाखवते.

सोळाजीबी
माझ्या फाईलीत शोधता येतं, तुमच्या कपाटात नाही.

जुनीवही
दोघांनाही विनंती, हा वाद वेगळ्या धाग्यात न्या. ओरिएंटेशनला काय लिहायचं ते सांगते, कशावर लिहायचं ते तिचं ती बघेल. तारखा लिहायच्या. विषय बदलायची शेवटची तारीख, विषय सोडायची शेवटची तारीख, शुल्काच्या हप्त्याची तारीख. यातली एक चुकली की पुढचं अख्खं सत्र त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरादिवस
प्रश्न २ बद्दल. मी दुसऱ्या दिवशी झोपून राहिलो. मित्र म्हणाला नुसती भाषणं असतात. त्याच दुपारी क्रेडिट (प्रत्येक विषयाच्या कामाचं वजन मोजणारे गुणांक) समजावून दिले आणि विषयनिवडीचं पान उघडलं. संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा हवे असलेले दोन विषय भरले होते. नको असलेला विषय वर्षभर शिकलो. आजही राग येतो, मित्राचा नाही, स्वतःचा.

क्रेडिटचं कोणीतरी नीट समजावून घ्या. युरोपच्या पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात घरचा अभ्यासही आला. दुसरीकडे हिशेब वेगळा असतो. तुमच्याकडे एका क्रेडिटचे तास किती, हा प्रश्न तिथे उभं राहून विचारा. मी विचारला नाही आणि पहिल्या सत्रात झेपणार नाहीत इतके विषय घेऊन बसलो.

निळीशाई
+१. आणि ऐकलेलं त्याच संध्याकाळी एकदा उजळायचं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय की विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त होतं. वही असली की उजळणी होते, म्हणून म्हणते.

तळवे
पहिल्या दिवशी सगळ्या सत्रांना जा, पण बूट जुनेच.

एकटीच
मला कोणाशी बोलता येईल का, हीच भीती होती. तीन दिवसांत एकही मैत्रीण झाली नाही आणि घरी येऊन मी रडले. मग पुढे कधीतरी वाचलं, कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मोजून पाहिलंय: ओळखीची माणसं साधे मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, जिवलग व्हायला २०० च्या वर. तीन दिवसांत ते कुठून होणार? हे आधी कळलं असतं तर मी स्वतःला इतका त्रास करून घेतला नसता. तू एवढंच कर, रोज एकाच माणसाशेजारी बस. माझी आत्ताची सगळ्यात जवळची मैत्रीण प्रयोगशाळेत फक्त शेजारच्या टेबलावर होती म्हणून झाली.

हलकीसॅक
आईचं कोणी बोललं नाही. माझं मत: एकटी जा. आई बरोबर असली की तीच सगळे प्रश्न विचारते आणि आपण मागे उभं राहतो.

पूर्णचार्ज
एकटी.

दुसरादिवस
एकटी. आजूबाजूची मुलं शेजारी पालक दिसले की बोलायला येत नाहीत.

खिडकीपाशी
एकटीच जा, पुढची चार वर्षं एकटीलाच काढायची आहेत.

बाबाआहे
मी पालक म्हणून लिहितो. मुलाबरोबर गेलो होतो. पालकांच्या सत्रात शुल्काचे हप्ते, वसतिगृहाचे नियम, आजारी पडलं तर कुठे जायचं, हे नीट सांगितलं, ते उपयोगी होतं. पण नंतर मुलगा माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होता, आणि ते मला लागलं. तुमच्या आईला ते लागू नये असं वाटतं. मला विचाराल तर तिला घरीच राहू द्या.

एकटीच
काका, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण सल्ला बरोबर आहे. माझीही आई आली होती, मी सारखी तिच्याकडेच बघत राहिले.

पहिलंपान
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काय ठरवलं ते सांगते.

काल रात्री विद्यापीठाचा नकाशा उघडला आणि तो भिंतीवर लावून, मागे सरकून वाचून बघितला. चार पावलांवरून मला काहीच वाचता आलं नाही. सभागृहात पुढे बसेन म्हणत होते, पण परिसर फेरीत इमारतींवरच्या पाट्या असणार, फलकांवर तारखा असणार, त्यानंतर रोजचे वर्ग. सगळीकडे पुढची जागा कशी मिळणार? आज सकाळी डोळे तपासले. नंबर बराच वाढलाय, जुना चष्मा तीन वर्षांपूर्वीचा. एकच वस्तू घ्यायची होती, तो चष्मा घेतला. शनिवारी मिळेल.

पॉवर बँक नाही घेतली, क्यूआर कोड दोन ठिकाणी छापून ठेवलाय आणि चार्जर सॅकमध्ये टाकलाय. बूट जुनेच. वही घरात कोरी एक सापडली.

आणि आई येणार आहे. तुम्ही सगळ्यांनी एकटी जा म्हटलंत, कारणंही पटली. पण तिने विद्यापीठ आतून कधी पाहिलेलं नाही. मी आत जाणार, हे तिच्यासाठीही पहिल्यांदाच घडतंय. पालकांचं सत्र साडेअकराला संपतं, ती तिथून परस्पर घरी जाईल असं तिचं तिनेच सांगितलं. @बाबाआहे, मी तिच्या शेजारून चालेन.

बाबाआहे
चाल बाळा.

पूर्णचार्ज
निदान कोणाची तरी पॉवर बँक उसनी घेऊन जा.

सोळाजीबी
चष्म्याला अँटी-ग्लेअर लावून घेतलंस का? लॅपटॉपवर बसायचंय.

जुनीवही
नव्या चष्म्याने पहिल्या दिवशी जमीन जरा वरखाली वाटते, विशेषतः जिना उतरताना. शनिवारी मिळाला की लगेच लाव, रविवारभर घाल. आणि सोमवारी फलकावरच्या तारखांचा फोटो काढून इथे टाकू नकोस, त्यावर पुष्कळदा नोंदणी क्रमांक असतात. वहीत उतरव.

पहिलंपान
सोमवार, रात्र. पहिला दिवस झाला. विषय बदलायची शेवटची तारीख सभागृहाच्या पडद्यावर होती, मी अकराव्या रांगेत होते, वाचता आली. वहीत आहे. शेजारी बसलेल्या मुलीने माझ्या वहीतून उतरवून घेतली, तिच्या फोनची बॅटरी संपली होती. उद्या तिच्याच शेजारी बसणार आहे.

पूर्णचार्ज
बघा. पॉवर बँक.